९७ ऑर्चर्ड स्ट्रीट: आईने आधी नळ कुठे होता ते विचारलं

आईने त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, चारी बाजूंनी नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "अगं, नळ कुठेय?"

गाइड तेव्हा भिंतीच्या कागदाबद्दल सांगत होती. मी आईचा प्रश्न तिला इंग्रजीत विचारला. ती थांबली आणि म्हणाली, १८६३ साली इमारत बांधली तेव्हा वर नळ नव्हताच. पाणी मागच्या अंगणात, संडासही तिथेच. बादली भरायची आणि जिन्याने वर आणायची. मी ते आईला सांगितलं. आईने वळून जिन्याकडे बघितलं. तोच अरुंद, काळोखा जिना ती नुकतीच कठडा धरून चढून आली होती. "पोटुशी बाई कशी चढत असेल," एवढंच म्हणाली.

हे न्यूयॉर्कचं टेनेमेंट म्युझियम. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, ऑर्चर्ड स्ट्रीटवर. मी इथे तीनदा गेले आहे: एकदा एकटी, एकदा आईला घेऊन, एकदा मुलीबरोबर. न्यू जर्सीतल्या आपल्या घरांमध्ये भारतातून माणसं आली की फिरवायची जागा ठरलेली असते. स्वातंत्र्यदेवी, टाइम्स स्क्वेअर, एखादा शनिवार नायगाऱ्यासाठी. त्यात ही जागा नसते. ती असावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

टेनेमेंट म्हणजे भाड्याच्या खोल्यांची इमारत. आपण चाळ म्हणू. ९७ नंबरची ही इमारत ल्यूकस ग्लॉकनर नावाच्या शिंप्याने बांधली, तो स्वतःच जर्मनीकडून आलेला. पाच मजले, वीस बिऱ्हाडं, एका बिऱ्हाडाला तीन खोल्या, सगळ्या मिळून सव्वातीनशे चौरस फूट. बहात्तर वर्षांत इथे वीसहून जास्त देशांतली सुमारे ७,००० माणसं राहून गेली. जर्मन, आयरिश, पूर्व युरोपातले ज्यू, इटालियन. १९३५ साली मालकाने वरची बिऱ्हाडं रिकामी केली, कारण नव्या नियमांप्रमाणे लाकडी जिना आगीपासून सुरक्षित करायला हवा होता आणि तो खर्च त्याला परवडणारा वाटला नाही. खालची दुकानं चालू राहिली, वरच्या खोल्यांना कुलूप. पन्नासहून अधिक वर्षं तसंच. १९८८ मध्ये रूथ एब्रम आणि अनिता जेकबसन या दोघी जागेच्या शोधात इथे आल्या आणि त्यांना वर हे जसंच्या तसं थांबलेलं घर सापडलं. कागदावर कागद चिकटवलेल्या भिंती, गेलेल्या माणसांच्या पडून राहिलेल्या वस्तू.

इथे एकट्याने हिंडता येत नाही. गाइडबरोबरच आत जायचं, पंधराएक जणांचा गट, तासभराची फेरी. प्रत्येक फेरीत ठरावीक कुटुंबांची घरं दाखवतात, आणि ही कुटुंबं खरी आहेत. जनगणनेच्या नोंदी, कोर्टाची कागदं, नातवंडांच्या आठवणी यांतून त्यांचा माग काढलेला आहे. मला ही जागा इतर संग्रहालयांपेक्षा मोठी वाटते ती यासाठीच. स्थलांतरितांवरची दालनं मी इतरत्रही पाहिली आहेत. एका ठिकाणी तर मेणाची बाई, मेणाचं मूल आणि खाली "गरीब कुटुंब, सन अमुक" एवढीच पाटी होती. त्या बाईचं पुढे काय झालं? ती खोली सोडून कुठे गेली? हे कोणी सांगत नव्हतं. इथे ते सांगतात. माणसं कुठून आली, या खोलीत किती वर्षं काढली आणि इथून कुठे गेली. खोली म्हणजे वाटेतला मुक्काम, हे धरूनच सगळी गोष्ट सांगितली जाते.

पहिल्यांदा गेले तेव्हाच्या फेरीत नताली गम्पर्ट्झचं घर होतं. १८७४ च्या ऑक्टोबरात तिचा नवरा सकाळी कामाला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. पदरात पोरी. तिने पुढच्या खोलीत शिवणकाम सुरू केलं, कारण रस्त्याकडच्या खिडक्या त्याच खोलीला आणि उजेड तिथेच. तीन खोल्यांतली ती एकच खोली कामाची. बाकीच्या दोन मागे मागे अंधारात. पुढे १८८३ साली नवऱ्याच्या वडिलांकडून वारसाहक्काने तिला ६०० डॉलर मिळाले, आणि काही वर्षांत ती मुलींना घेऊन शहराच्या वरच्या भागात, यॉर्कव्हिलला गेली. तिच्यासारखे जर्मन लोक तेव्हा तिकडेच सरकत होते.

त्याच फेरीत बाल्डिझींचं घर. सिसिलीतल्या पालेर्मोचं कुटुंब, मंदीचा काळ, सुतारकाम जाणणारा बाप आणि हाताला काम नाही. त्या घरात गेलं की त्यांच्या मुलीचा, जोसेफिनचा, म्हातारपणी रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू येतो. आई कसं घर ठेवायची ते ती सांगते. १९३५ साली इमारत रिकामी केली तेव्हा बाहेर पडलेल्यांत हे कुटुंब होतं. ते ब्रुकलिनला गेले. मी त्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते, आणि मला घाबरल्यासारखं झालं. जागा सोडायला सांगितल्यावर घरात काय होतं ते मला माहीत आहे. मोठी माणसं हळू आवाजात बोलायला लागतात.

आमची स्वतःची यादी सांगते. आम्ही १९९६ ला आलो ते जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरजवळ, एका घराच्या तळघरात. नवऱ्याचा एच-वन म्हणजे नोकरीचा व्हिसा, नोकरी न्यूयॉर्कात, तिकडे नेणारी पाथची लोकल गाडी चालत दहा मिनिटांवर, आणि नेवार्क ॲव्हेन्यूवर कढीपत्ता मिळायचा. दीड वर्षाने वरचा मजला. मुलगी तिथलीच. मग एडिसनला भाड्याचं घर, मग दुसरं भाड्याचं घर, आणि २००५ साली स्वतःचं. नऊ वर्षांत चार वेळा सामान बांधलं. यातल्या एका घरमालकाने डिपॉझिटमधले नऊशे डॉलर भिंतीवरच्या खिळ्यांच्या नावाखाली ठेवून घेतले. न्यू जर्सीत घर सोडल्यावर तीस दिवसांत डिपॉझिट हिशेबासकट परत द्यावं लागतं, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आता मी नव्याने आलेल्या प्रत्येक जोडप्याला हे आधी सांगते, मग चहा विचारते.

जर्सी सिटीत आमच्या वरच्या मजल्यावर एक गुजराती बेन राहायच्या, आमच्या आधी पंधरा वर्षं आलेल्या. स्टेशनला जाताना त्या कपाळावरची टिकली काढून पर्सच्या आतल्या बाजूला चिकटवायच्या, आणि घरी आल्यावर परत लावायच्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी १९८७ चं सांगितलं. त्या वर्षी जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेणाऱ्या टोळक्यांनी भारतीयांवर हल्ले केले होते. तिथून हाकेच्या अंतरावरच्या होबोकन शहरात नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली आणि त्यात तो गेला. टोळक्याचं नाव आपल्या बायकांच्या कुंकवावरून ठेवलेलं. बेनच्या दोन्ही दिरांनी त्यानंतर एडिसनला घरं घेतली. बेन राहिल्या, कारण त्यांचं दुकान तिथे होतं. माणसं एका गावातून दुसऱ्या गावात का जातात याची कारणं लोक शाळा, जागा, गाडीचं पार्किंग अशी देतात. ती खरीही असतात. पण पर्समध्ये चिकटवलेली ती टिकली मी विसरलेले नाही.

आईला घेऊन गेले ती दुसरी खेप. आई तेव्हा पंच्याहत्तरीची. आमचं बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं. बाबा राजापूर तालुक्यातून गिरणीत आले, खोली आजोबांच्या नावावर, पुढे काकांच्या. एकशे साठ चौरस फूट. आजी, आई, बाबा, काका, काकू आणि आम्ही चार पोरं. ८२ च्या संपानंतर बाबांनी चार वर्षं कशीबशी काढली आणि मग आम्ही डोंबिवलीला गेलो.

गाइडने बिऱ्हाड सव्वातीनशे चौरस फुटांचं असल्याचं सांगितलं, मी आईला सांगितलं, आणि आई चटकन म्हणाली, "म्हणजे आपल्या खोलीच्या दुप्पट." गाइडला कुतूहल वाटलं म्हणून तिने विचारलं, तुम्ही किती जण होता? आईने एका हाताची चार आणि दुसऱ्याची पाच बोटं दाखवली. गट हळूच शांत झाला. गाइडने तेवढ्यावर न थांबता पुढचं विचारलं: मग झोपायचं कसं? हा प्रश्न योग्य होता, कारण आम्ही रोगारशेव्स्कींच्या घरात उभे होतो. आई, बाप आणि सहा मुलं. तिथे मुलगे पुढच्या खोलीत झोपायचे ते डोकी कोचावर आणि पाय समोर मांडलेल्या खुर्च्यांवर ठेवून. तसं मांडूनच ठेवलंय. आईने आमचं सांगितलं, मी भाषांतर करत गेले. बाबा आणि काका बाहेर गॅलरीत, आजी मोरीच्या भिंतीला लागून, पोरं खाटेखाली, आणि रात्रपाळी असलेला माणूस दिवसा खाटेवर. पावसाळ्यात गॅलरीतले आत यायचे, मग कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम बदलायची. मागे उभा असलेला एक वयस्कर अमेरिकन मान हलवत म्हणाला, माझे आजोबा इथून दोन गल्ल्यांवर, रिव्हिंग्टन स्ट्रीटला राहायचे, तेही असंच सांगायचे.

मग लेव्हाइन कुटुंबाचं घर. पोलंडहून आलेलं जोडपं, हॅरिस आणि जेनी. १८९० च्या दशकात या खोल्यांतच त्यांचा कपड्यांचा कारखाना होता. पुढच्या खोलीत मशीन, तीन कामगार, आणि इस्त्र्या तापवायच्या त्याच चुलीवर जिच्यावर जेनी रांधायची. घरात तान्हं मूल. आई चुलीपाशी बराच वेळ उभी होती. हात लावायचा नाही हे तिला माहीत होतं, म्हणून दोन्ही हात मागे बांधून वाकून बघत होती. लोखंडी जड चूल, वर तीन-चार इस्त्र्या. मग तिने मला विचारलं, की कामगारांचं जेवण कोण करायचं? गाइड म्हणाली, त्या काळी अनेक घरांत भाडेकरू ठेवायचे, त्यांचं जेवणखाण, कपडे घरच्या बाईकडेच. आईने समजून मान हलवली. आमच्या चाळीत तळमजल्यावरच्या दोन बायका खाणावळ चालवायच्या, नवरा गिरणीत आणि बाई पंधरा माणसांचे डबे सांभाळणारी. गावाकडून आलेले एकटे पुरुष त्या बायकांच्या हातचं जेवून जगले. गिरणगावाच्या गोष्टी सांगताना लोक भोंगा सांगतात, संप सांगतात, या बायका कुणी फारशा सांगत नाहीत. इथे ऑर्चर्ड स्ट्रीटवर जेनी लेव्हाइनची चूल खोलीच्या मधोमध ठेवून तिच्याबद्दल दहा मिनिटं बोललं जातं. मला हे फार आवडलं.

शेवटी आईने आतली अंधारी झोपायची खोली पाहिली. तिला बाहेरची खिडकी नाही. पुढे कायदा झाला, १९०१ चा मोठा कायदा त्यातलाच, आणि उजेड-वारा यावा म्हणून आतल्या भिंतींत खिडक्या पाडाव्या लागल्या, मजल्यावर संडास आले, हवेसाठी मध्ये बोळ काढला. आतल्या भिंतीतली खिडकी म्हणजे खोलीतून खोलीत उघडणारी. आईने त्या खिडकीतून पलीकडे बघितलं आणि म्हणाली, "बाळंतीण इथेच ठेवत असतील." अब्राहम रोगारशेव्स्की १९१८ मध्ये क्षयाने गेला, आणि त्याच्या बायकोने, फॅनीने, इमारतीच्या देखभालीचं काम धरून घर टिकवलं, हे गाइडने त्यानंतर सांगितलं. आईने ते ऐकून घेतलं आणि जिना उतरेपर्यंत काही बोलली नाही.

दुपारी आम्ही जवळच्या सुअर्ड पार्कमध्ये बाकावर बसून पोळी-भाजी खाल्ली. डबा बरोबर नेला होता. त्या भागात खायला पुष्कळ मिळतं, १८८८ पासूनचं कॅट्झचं हॉटेल चालत जाण्याजोगं आहे, पण ते मांसाहाराचं, आई खात नाही.

तिसऱ्यांदा गेले ते मुलीमुळे. कॉलेज झालं, मॅनहॅटनमध्ये नोकरी लागली, आणि तिने दोन मैत्रिणींबरोबर घर घेतलं ते एल्ड्रिज स्ट्रीटवर. ऑर्चर्डपासून दोन रस्ते पलीकडे. मी सामान पोचवायला गेले. पाचवा मजला, लिफ्ट नाही, समोर लोखंडी जिने लटकलेले, आणि तिच्या खोलीची एकमेव खिडकी हवेच्या बोळात उघडणारी. हात बाहेर काढला तर शेजारच्या इमारतीची वीट लागते. एका तिघींच्या घरातला तिचा वाटा महिना सोळाशे पन्नास डॉलर. आम्ही एडिसनला मागे अंगण असलेलं घर घेतलं ते तिच्यासाठी, आणि ती आनंदाने या खोलीत आली. मला वाईट वाटलं, हे मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "आई, इथून ऑफिस वीस मिनिटं. तुझे रोजचे तीन तास गाडीत जातात."

म्हणून त्या संध्याकाळी मी तिला म्युझियमला नेलं. १०३ नंबरच्या इमारतीत एक वेगळी फेरी आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच घरात राहिलेल्या तीन कुटुंबांची. एपस्टाइन हे नाझींच्या छळातून वाचलेले ज्यू. सेझ-वेलेझ पोर्टो रिकोहून आलेले, म्हणजे कागदोपत्री आधीपासूनच अमेरिकेचे नागरिक. आणि वाँग हे चिनी कुटुंब, १९६५ च्या कायद्याने ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांतलं. तोच कायदा आमच्यासाठीही. त्याच्या आधी आशियातून येणाऱ्यांना जवळजवळ मज्जावच होता. हे तिला शाळेत शिकवलं असेल, पण वाँगबाई ज्या शिवणाच्या कारखान्यात काम करायच्या त्याची मांडणी बघताना, तिथल्या मशीनसमोर बसून त्यांच्या आठवणी ऐकताना, ती पहिल्यांदा मला म्हणाली, "म्हणजे बाबांच्या आधी कोणीतरी वाट केली होती." तिथे एक लक्षात येतं. नताली १८७० च्या दशकात शिवत होती, जेनी १८९० च्या दशकात, सेझबाई १९५० नंतर कारखान्यात, वाँगबाई त्यांच्यानंतर. देश बदलले, भाषा बदलल्या, हातातलं काम शंभर वर्षं तेच. आणि प्रत्येकीची मुलं दुसरीकडे राहायला गेली.

कशी गेली हेही रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. स्टेशनमधून डिलान्सी स्ट्रीटवर बाहेर पडलात की पूर्वेला विल्यम्सबर्ग ब्रिज दिसतो. १९०३ साली तो खुला झाला आणि ज्यू कुटुंबं पलीकडे ब्रुकलिनला सरकली. पुढे भुयारी रेल्वे पसरली तसे लोक ब्राँक्सला गेले. मग १९२४ च्या कायद्याने नवी माणसं येणंच आटलं, आणि इथल्या इमारती ओस पडू लागल्या. आता त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या वयाची मुलं, आमचीसुद्धा, या खोल्यांसाठी रांगेत उभी आहेत.

जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. तिकीट आधी ऑनलाइन काढा, शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. तिकीटघर आणि पुस्तकांचं दुकान १०३ मध्ये आहे. कोणत्या फेरीत कुठलं कुटुंब हे बदलत असतं, म्हणून काढण्याआधी नीट वाचा. ९७ मध्ये लिफ्ट नाही, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी १०३ ची फेरी घ्यावी. एडिसन-मेट्रोपार्कहून गाडीने पेन स्टेशन, तिथून चालत हेराल्ड स्क्वेअर आणि भुयारी रेल्वेची एफ गाडी पकडून डिलान्सी. जर्सी सिटीहून पाथने थेट तेहतिसाव्या रस्त्याला, तीच एफ. फार लहान मुलांना नेऊ नका, हात लावू न देणाऱ्या खोल्यांत ती कंटाळतात. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं खूप प्रश्न विचारतात. आणि आजी-आजोबांना नक्की न्या, चाळीत राहिलेले असतील तर नक्कीच. त्यांना इंग्रजी येत नसेल तर तुम्ही भाषांतर करा आणि गाइडला आधी तसं सांगा. आमच्या गाइडने आईसाठी प्रत्येक खोलीत थोडं थांबून घेतलं, तिच्या प्रश्नांना मनापासून उत्तरं दिली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पाचशे चौरस फूट. काकांचा मुलगा त्यांत होता. त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरवून दाखवलं: हॉल, दोन खोल्या, घरातलाच संडास, खिडकीतून दिसणारी त्यांची जुनी इमारत. ती आता पडेल. आईने डोंबिवलीतून तो कॉल बघितला आणि रात्री मला फोन केला. म्हणाली, तुमच्या त्या म्युझियमवाल्यांसारखं कोणी आपल्या खोलीचं लिहून ठेवलंय का? कोण कुठे झोपायचं ते?

मी लिहायला घेतलं आहे. आई सांगते, मी टिपून घेते. गॅलरीतल्या जागांपर्यंत आलो आहोत. पुढच्या महिन्यात ९७ मधल्या १८६९ च्या फेरीचं तिकीट काढलंय, मूर नावाच्या आयरिश कुटुंबाची गोष्ट आहे त्यात. आईने बजावून सांगितलंय, की अंगणातल्या नळावर आधी कोणाचा नंबर लागायचा ते त्यांना विचारून ये.